सणाचा सेल कधी लावायचा: तारखेपासून उलटं मोजायची रीत

दुकान नवीन असताना पहिल्याच मोठ्या सणाला मी तीन आठवडे आधी ‘सगळ्यावर ३० टक्के सूट’ असा फलक लावला. पहिले चार दिवस गर्दी झाली, गल्ला भरला, मी खूश. मग गर्दी ओसरली. सणाच्या आदल्या आठवड्यात लोक खरोखर पिशव्या घेऊन बाहेर पडले तेव्हा चालणारे रंग आणि मापं संपली होती. शेल्फवर उरलं होतं ते कोणालाच नको असलेलं. त्यातच नेहमी येणाऱ्या एक ताई बिल घेऊन आल्या. “दादा, सोमवारी मी पूर्ण किमतीत घेतलं आणि गुरुवारी तुम्ही फलक लावलात. निदान सांगायचं तरी!” मी फरकाचे पैसे परत दिले. महिनाअखेरीस हिशेब मांडला तर विक्री आधीच्या महिन्याच्या दीडपट आणि नफा मात्र कमी.

सूट किती द्यायची यावर मी पंधरा दिवस डोकं खाजवलं होतं. कधी द्यायची यावर पंधरा मिनिटंही नाही. तेव्हापासून क्रम बदलला. आधी तारखा, मग माल, मग पैशांचा हिशेब, मग ऑफर. टक्केवारी सगळ्यात शेवटी. पुढे लिहिलंय ते त्याच क्रमाने.

पहिलं काम: सणाची तारीख बाजूला ठेवा, खरेदीची तारीख शोधा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर सणाभोवती लाल गोल काढला की नियोजन झालं असं वाटतं. पण त्या दिवशी दुकानात फारसं कोणी येत नाही. गिऱ्हाईक त्याआधीच घेऊन मोकळं झालेलं असतं. म्हणून प्रत्येक सणासाठी एक नाही, चार तारखा लिहा: लोक नुसतं बघायला, भाव विचारायला लागतात ती, खरेदीचा जोर असतो ती, आज मागवलेलं सणाआधी घरी पोचेल अशी शेवटची, आणि प्रत्यक्ष सण. पगार महिन्याच्या सुरुवातीला होत असतील तर ती तारीखही शेजारी टिपा. सण महिन्याच्या २८ तारखेला आला तर अनेकांचे खिसे रिकामे असतात आणि जोराचा आठवडा आपोआप मागे सरकतो.

या तारखा अंदाजाने लिहू नका. गेल्या वर्षीची बिलं काढा. सणाशी संबंधित मालाची रोजची विक्री एका उभ्या रांगेत मांडा, पण शेजारी तारखेऐवजी ‘सणाला किती दिवस बाकी’ लिहा: २८, २१, १४, ७, १. मग वरून बेरीज करत या आणि एकूण खपाचा अर्धा भाग कोणत्या दिवशी पूर्ण झाला ते पाहा. हा अर्ध्याचा दिवस सगळ्यात उपयोगी. तो सणाच्या ५ दिवस आधी पडत असेल तर तुमचं गिऱ्हाईक आयत्या वेळचं आहे, आणि तीन आठवडे आधी लावलेला सेल ज्यांनी तसंही घेतलं असतं त्यांनाच स्वस्तात माल देतो. तो १६ दिवस आधी पडत असेल तर शेवटच्या आठवड्यातल्या जाहिरातीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. एकाच दुकानात दोन प्रकारच्या मालाचे अर्ध्याचे दिवस वेगळे निघतात. महागडी, विचार करून घ्यायची वस्तू आधी जाते. छोटी भेटवस्तू शेवटी.

‘किती दिवस बाकी’ लिहिण्याचं दुसरं कारण म्हणजे सण जागेवर बसत नाहीत. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, त्यामुळे त्या कालगणनेतले सण दर वर्षी साधारण १० ते ११ दिवस अलीकडे येतात. आपल्या पंचांगातले बहुतेक सणही ११ दिवसांच्या आसपास अलीकडे येतात, आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास आला की एकदम १९ दिवसांच्या आसपास पुढे उडी मारतात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही पडतो: २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला. आता कोणी २०२४ च्या मार्चची विक्री २०२५ च्या मार्चशी ताडून पाहिली तर धंदा बुडाला असं वाटेल, आणि एप्रिलची ताडली तर हवेत तरंगायला होईल. दोन्ही खोटं. सणापासूनचं अंतर जुळवूनच तुलना करायची.

हंगामाची लांबीसुद्धा बदलते. अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग, त्याच्या दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडे, आणि तिथून नाताळच्या खरेदीचा धडाका. २०२३ मध्ये तो गुरुवार २३ तारखेला होता, २०२४ मध्ये २८ ला. म्हणजे धडाक्याचे पाच दिवस कमी. हे दुखणं जुनं आहे. पूर्वी तिथे हा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी पाळायची रीत होती. १९३९ मध्ये शेवटचा गुरुवार ३० तारखेला आला, दुकानदारांनी गाऱ्हाणं मांडलं, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सण आठवडाभर अलीकडे आणला. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही. देशात दोन-दोन दिवशी सण झाला. शेवटी १९४१ मध्ये संसदेने कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. आपल्यासाठी राष्ट्राध्यक्ष सण हलवणार नाहीत. सुरुवातीची तारीख आपणच हलवायची.

मोठ्यांचे दिवस आणि आपले दिवस

आता याच कॅलेंडरवर वेगळ्या रंगाने मोठ्या ऑनलाइन कंपन्यांचे सेल टिपा. यातले बरेच दिवस कोणीतरी बसून ठरवलेले आहेत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारच्या ऑनलाइन सेलला ‘सायबर मंडे’ हे नाव अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनेने २००५ मध्ये दिलं. ११ नोव्हेंबरचा ‘सिंगल्स डे’ सेल चीनच्या अलीबाबा कंपनीने २००९ मध्ये सुरू केला. ॲमेझॉनचा पहिला ‘प्राइम डे’ जुलै २०१५ मधला. हे लक्षात आलं की दोन गोष्टी सुचतात. एक, त्यांच्या दिवशी त्यांच्याशी टक्केवारीची कुस्ती खेळू नये. ऑनलाइन जाहिरातींची जागा लिलावाने विकली जाते, सगळे एकदम बोली लावतात, आणि तीच जाहिरात त्या आठवड्यात महाग पडते. दोन, दिवस ठरवता येतो. दुकानाचा वर्धापनदिन, नवीन माल येण्याचा आठवडा, मोठ्या सेलच्या दहा दिवस आधीचा शांत आठवडा, हे तुमचे दिवस होऊ शकतात, आणि तिथे स्पर्धा निम्मी असते.

वर्षाला किती सेल? माझं मत विचाराल तर मोठे दोन, छोटे तीन, बस. दर महिन्याला सेल लावणाऱ्या दुकानात शहाणं गिऱ्हाईक पूर्ण किमतीत काही घेतच नाही. आज नाही तर पुढच्या महिन्यात स्वस्त मिळणारच हे त्याला माहीत असतं.

उलट टोकाचीही गोष्ट आहे. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीने २०१२ मध्ये कूपन आणि सततचे सेल बंद करून ‘रोजच वाजवी भाव’ असं धोरण आणलं. त्या एका वर्षात विक्री जवळपास पाव हिश्श्याने घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये मुख्याधिकारी रॉन जॉन्सन यांना जावं लागलं. कागदावर भाव खरोखर वाजवी होते. पण त्या गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं ‘आज वाचवले’ हा आनंद विकलेला होता, तो एका फटक्यात काढून घेतला. लावलेली सवय तोडायची असेल तर दोन-तीन हंगाम घेऊन, हळूहळू.

उलटी मोजणी

चार तारखा हातात आल्या की मागे चालायला लागा. खालचे आठवडे माझ्या अनुभवातले. माल परदेशातून येत असेल तर वाढवा, शेजारच्या घाऊक बाजारातून येत असेल तर निम्मे करा. मोजायचे मात्र खरेदीच्या जोरापासून, सणापासून नाही.

- १६ आठवडे आधी: गेल्या वर्षीचे आकडे, कोणता माल मुख्य ठेवायचा याचा निर्णय, पुरवठादारांशी पहिली बोलणी.
- १२ आठवडे: मोठी ऑर्डर. भाव, उधारीची मुदत आणि उरलेला माल परत घेणार का, हे तिन्ही लेखी.
- ८ आठवडे: ऑफरचा हिशेब, जाहिरातीचे फोटो, वाढीव माणसांची सोय.
- ५ आठवडे: माल दुकानात. ट्रकमध्ये असलेला माल मी मोजत नाही.
- ३ आठवडे: नेहमीच्या गिऱ्हाइकांना आधी कळवणं, बिलिंगची चाचणी.
- १ आठवडा: रोज संध्याकाळी साठा बघून ऑफर हलवणं.

यात सगळ्यात जास्त फसते ती पाचव्या आठवड्याची ओळ. पुरवठादार नेहमी ‘येईल की’ म्हणतो, आणि त्याच्याही मागे कोणीतरी असतं. चीनमध्ये चांद्र नववर्षाला कारखाने आठवडा-दोन आठवडे आणि काही ठिकाणी त्याहून जास्त बंद असतात, कामगार गावी जातात. हा दिवस २०२५ मध्ये २९ जानेवारीला होता, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला. मार्च-एप्रिलच्या सणाचा माल तिथून येणार असेल तर ऑर्डर डिसेंबरात जायला हवी. पुरवठादाराला ‘माल कधी मिळेल’ असं विचारू नका. ‘तुमच्याकडे सुट्टी कधी असते आणि शेवटचा ट्रक कधी निघतो’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला आश्वासन मिळतं, दुसऱ्याला तारीख.

पैशांचंही उलटं मोजा. माल आधी येतो, पैसे नंतर. आठवड्यागणिक तीन रकाने करा: जाणारे, येणारे, शिल्लक. सगळ्यात खोल खड्डा कोणत्या आठवड्यात पडतोय ते दिसेल. तो खड्डा भरायची सोय नसेल तर ऑर्डर लहान करा, किंवा माल दोन हप्त्यांत मागवा. सेल रंगात आलेला असताना भाड्याचा चेक परत येणं यासारखी नामुष्की नाही.

किती माल भरायचा

‘गेल्या वर्षीपेक्षा दहा टक्के जास्त’ ही सर्वत्र चालणारी पद्धत, आणि आळशी. थोडं बसून करायचं तर असं करा.

समजा एका नगाची विक्री किंमत १०० आणि खरेदी ६०. माल कमी पडला तर प्रत्येक नगामागे ४० चा नफा हुकतो. उरला आणि नंतर ४५ ला काढावा लागला तर १५ चा तोटा. आता ४० ला ४० अधिक १५ ने भागा: ०.७३. याचा अर्थ, मागणी पुरी पडण्याची शक्यता साधारण ७३ टक्के राहील इतका माल ठेवणं फायद्याचं. मागणीचे दहा प्रामाणिक अंदाज लिहा, लहानाकडून मोठ्याकडे: ६०, ७०, ७५, ८०, ९०, ९५, १००, ११०, १२५, १५०. दहांतल्या सात अंदाजांपेक्षा जास्त, म्हणजे आठवा आकडा. ११० नग मागवा.

आता तीच वस्तू, पण तिच्यावर सणाचं नाव आणि साल छापलेलं आहे. उरली तर २० लासुद्धा कष्टाने जाईल. तोटा ४०. भागाकार ४० भागिले ८०, म्हणजे ०.५. पाचवा आकडा: ९० नग. वस्तू तीच, फक्त छापील सालामुळे २० नग कमी मागवायचे. म्हणून मी वस्तू नेहमी साधी घेतो आणि सणाचा थाट बाहेरच्या कागदी पट्ट्यावर ठेवतो. सण संपला की पट्टा काढायचा, वस्तू वर्षभर विकायची.

एक सावधगिरी. गेल्या वर्षीची विक्री म्हणजे गेल्या वर्षीची मागणी नव्हे. ८० नग विकले गेले, पण ते सणाच्या सहा दिवस आधीच संपले असतील तर मागणी ८० हून जास्त होती. माल कधी संपला ती तारीख लिहिलेली नसेल तर या वर्षीपासून लिहा.

सुटीचा हिशेब, टक्केवारी ठरवण्याआधी

हे गणित दुकानदार टाळतात कारण उत्तर आवडत नाही. किंमत १००, खरेदी ६०, म्हणजे मार्जिन ४०. २० टक्के सूट दिली की नगामागे २० उरतात. नफा तेवढाच ठेवायला दुप्पट नग विकावे लागतात. ३० टक्के सूट दिली की १० उरतात, चौपट विका. माझा पहिला सेल इथेच मेला, विक्री दीडपट आणि हवी होती चौपट. नियम लक्षात ठेवायला सोपा: सुटीच्या टक्क्यांना ‘मार्जिन वजा सूट’ने भागा, तेवढी वाढ हवी. मार्जिन ३० आणि सूट १० असेल तर १० भागिले २०, म्हणजे निम्म्याने जास्त नग.

ऑफरचं नाव गोंडस असलं तरी आत टक्केवारीच असते. ‘दोन घ्या, तिसरा मोफत’ म्हणजे तीन नगांवर ३३ टक्के. ‘एकावर एक’ म्हणजे ५०. ‘दुसरा निम्म्या किमतीत’ म्हणजे दोघांवर मिळून २५, आणि तो ऐकायला मात्र ५० सारखा वाटतो. माझी आवडती ऑफर. २० टक्क्यांवर आणखी १० टक्के म्हणजे ३० नाही, २८. हे गिऱ्हाइकाला आधीच नीट सांगा, नाहीतर काउंटरवर वाद ठरलेला.

कोणत्या टप्प्यावर कोणती ऑफर

वेळ आणि ऑफर यांची जोडी इथे जुळते, म्हणून इथे घाई करू नका.

आधी येणारं गिऱ्हाईक नियोजन करणारं असतं. त्याला स्वस्तापेक्षा निवड हवी: सगळी मापं, सगळे रंग, हवा तो दिवस. त्याला सूट देणं म्हणजे न मागितलेलं दान. त्याला द्या ती खात्री. थोडी आगाऊ रक्कम घेऊन वस्तू बाजूला ठेवणं, मोफत बांधणी, सणानंतर दोन आठवड्यांपर्यंत बदलून घ्यायची मुभा. या शेवटच्या गोष्टीला खर्च कमी आणि परिणाम मोठा. भेट आधी घेणाऱ्याला एकच भीती असते की माप चुकलं तर काय. ती काढली की तो महिनाभर आधी खरेदी करतो. याच टप्प्यावर नेहमीच्या गिऱ्हाइकांना दोन दिवस आधी प्रवेश द्या. आणि माझ्या त्या ताईंसाठीचा नियमही इथेच: सेल सुरू होण्याआधी ७ दिवसांत घेतलेल्या वस्तूची किंमत उतरली तर फरक दुकानात खर्चायला मिळेल. फार थोडे लोक मागायला येतात, आणि जे येतात ते काहीतरी घेऊनच जातात.

जोराच्या आठवड्यात लोक येतच असतात. त्यांना आणायला पैसे घालू नका, बिल वाढवायला घाला. इथे ‘अमुक रकमेच्या खरेदीवर भेट’ चालते. रक्कम ठरवताना सरासरी बिल पाहू नका, कारण दोन-चार मोठी बिलं सरासरी फुगवतात. सगळी बिलं रांगेत लावून अगदी मधलं बिल बघा. ते ८०० असेल तर मर्यादा १००० ठेवा, म्हणजे एक छोटी वस्तू घेऊन गाठता येईल. १५०० ठेवलीत तर लोक प्रयत्नच करत नाहीत; ७५० ठेवलीत तर अर्ध्या दुकानाला भेट फुकट वाटाल. दोन-तीन वस्तूंचा जोडसंचही याच आठवड्यात लावा. मात्र संचात चालणारी वस्तू मुख्य असू द्या. पडून राहिलेल्या तीन वस्तू रिबिनीने बांधल्या म्हणून त्यांना उठाव येत नाही.

शेवटचे तीन-चार दिवस घाईच्या गिऱ्हाइकाचे. त्याला सूट नको, सुटका हवी. बांधून तयार भेटी, फोनवर ठरवून काउंटरवरून उचलायची सोय, वाढवलेली वेळ, आणि दारातच रकमेनुसार मांडलेली टेबलं. घरपोच मिळण्याची तारीख उलटली की भेटकार्ड पुढे आणा. ते पोचायला ट्रक लागत नाही. पण भेटकार्डाचे पैसे आले म्हणजे विक्री झाली असं समजू नका. माल द्यायचा अजून बाकी आहे, तोवर ती देणीच.

आणि टक्केवारीची सूट? ती फक्त तिथे, जिथे साठा अपेक्षेपेक्षा हळू हलतोय. दर संध्याकाळी बघा: आजपर्यंत किती जायला हवं होतं, किती गेलं. गेल्या वर्षीची ‘दिवस बाकी’ रांग आहेच. दहा दिवस उरले असताना ६० टक्के जायला हवं आणि ३५ च गेलंय, तर त्या एका वस्तूवर सूट लावा, सगळ्या दुकानावर नको.

खोडलेली किंमत खरी असू द्या

सेलच्या आठवडाभर आधी किंमत चढवायची आणि मग खोडून ‘सूट’ दाखवायची, ही युक्ती गिऱ्हाइकाला आता पाठ आहे. जुन्या भावाचे स्क्रीनशॉट लोक फोनमध्ये ठेवतात. युरोपीय संघाने तर याला नियमातच बांधलं. मे २०२२ पासून तिथे सूट जाहीर करताना गेल्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमतच ‘आधीची किंमत’ म्हणून दाखवावी लागते. फ्रान्समध्ये ‘सोल्द’ नावाचे मोसमी सेल वर्षातून दोनदा, कायद्याने ठरलेल्या मुदतीतच लागतात. तुमच्याकडे काय नियम आहेत ते बघा, आणि कडक नसले तरी तीस दिवसांचा नियम स्वतःला लावून घ्या. तोटा होत नाही. मात्र त्यामुळे सेलची तारीख आणखी आधी ठरवावी लागते, कारण सणाच्या तीन आठवडे आधी एखादी छोटी सूट देऊन बसलात तर मोठ्या सेलची खोडलेली किंमत आपोआप खाली येते.

सांगायचं कधी

तीन निरोप पुरतात. पहिला, बघायला लागण्याच्या तारखेला: काय नवीन आलंय, सेल कधी. दुसरा, सेलच्या सकाळी. तिसरा, शेवटची मुदत. दररोज मेसेज पाठवणाऱ्या दुकानाचा नंबर लोक गप्प करून ठेवतात, आणि मग महत्त्वाचा निरोपही पोचत नाही.

मुदतीबद्दल एक. घरपोच मिळण्याची शेवटची तारीख ही खरी मुदत आहे, तिला जाहिरात लागत नाही. ‘फक्त आज!’ म्हणून उद्या तेच ठेवणं बंद करा. एकदा मुदत खोटी ठरली की पुढच्या हंगामात खऱ्या मुदतीलाही कोणी धावत नाही.

दुकानातली तयारी

ऑफर एका कागदावर मावली पाहिजे आणि नवीन मुलाला एका मिनिटात समजली पाहिजे. नाही समजली तर ऑफर चुकीची आहे, मुलगा नाही.

बिलिंगची चाचणी आदल्या संध्याकाळी स्वतः करा: एक साधं बिल, एक दोन ऑफर एकत्र येणारं, एक मर्यादेच्या जरा खाली, एक परताव्याचं. एका वर्षी ऑफरची शेवटची तारीख १५ टाकली होती. यंत्राने ती १५ तारखेच्या रात्री ००:०० अशी धरली, म्हणजे १४ ची मध्यरात्र. शेवटच्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर ऑफर गायब, दारात रांग, आणि मी कॅल्क्युलेटरवर हाताने बिलं करतोय. तेव्हापासून वेळ २३:५९ अशी टाकतो आणि शेवटच्या दिवशी शटर वर करण्याआधी एक खोटं बिल काढून बघतो.

सण झाल्यावर

पहिल्या दोन दिवसांत बदलून घ्यायला येणारे लोक म्हणजे न बोलावता आलेलं गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी वेगळं काउंटर ठेवा, आणि नवीन माल त्यांच्या नजरेसमोर.

उरलेल्या मालाबाबत जीव कठोर करा. फक्त सणाशीच जोडलेला माल तिसऱ्या दिवशी निम्म्यावर आणा. दहा, मग पंधरा, मग वीस टक्के असं थेंबथेंब उतरत गेलात तर गिऱ्हाईक आणखी उतरण्याची वाट बघतं आणि माल जागा अडवून बसतो. साधा माल मात्र लगेच उतरवू नका. पट्टा काढा, शेल्फ बदला, पूर्ण किमतीत ठेवा.

खरा फायदा मोजणं

सेलच्या आठवड्याचा गल्ला पाहून निष्कर्ष काढू नका. एका वस्तूचं उदाहरण घ्या: एरवी आठवड्याला १०० नग जातात, नगामागे ४० सुटतात. २० टक्के सूट लावलेल्या आठवड्यात १८० गेले. वा! पण पुढच्या दोन आठवड्यांत ८० आणि ८५ च गेले, कारण लोकांनी पुढची खरेदी आधी करून घेतली होती. तिन्ही आठवडे मिळून वाढ ८० ची नाही, ४५ ची. आणि नफा? सेल नसता तर ३०० नगांवर १२,००० सुटले असते. प्रत्यक्षात १८० नगांवर २० प्रमाणे ३,६०० आणि १६५ नगांवर ४० प्रमाणे ६,६००, एकूण १०,२००. गर्दी झाली, नग वाढले, आणि १,८०० गेले.

यावर लगेच सेल बंद करू नका. त्याच बिलांत पूर्ण किमतीच्या आणखी वस्तू गेल्या असतील तर हे १,८०० भरून निघतात. म्हणून ऑफरच्या वस्तूंसोबत आणखी काय गेलं ते बघा. पहिल्यांदाच आलेली गिऱ्हाइकं किती आणि त्यांतली तीन महिन्यांत परत किती आली, हेही. दोन दुकानं असतील तर एका ठिकाणी ऑफर लावा, दुसऱ्या ठिकाणी नको. इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

हे सगळं संगणकात जाईलच. त्याशिवाय काउंटरखाली एक वही ठेवा, आणि सण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, थकवा ताजा असताना, दुकानातल्या प्रत्येकाला त्यात दोन ओळी लिहायला लावा. पुढच्या हंगामात सोळा आठवडे आधी पहिली उघडायची ती हीच. माझ्या गेल्या खेपेच्या पानावर वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलंय: ‘निळा रंग ९ दिवस आधी संपला.’ ‘भेट बांधायची चिकटपट्टी शेवटच्या दिवशी दुपारी संपली, शेजारून आणली.’ ‘रांग दारापर्यंत गेली की लोक परत जातात, संध्याकाळी ६ ते ८ दुसरं काउंटर उघडा.’ आणि खाली, पेन्सिलने: ‘सूट लावलेली नव्हती त्या टेबलावरचं सगळ्यात आधी गेलं.’